ठेचा, रीसलिंग आणि ४२ अंश सेल्सिअस

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. पहिली, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आम्हाला होता, पण तो पी.टी.च्या तासासारखा, म्हणजे असला तर असला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या संपादक मंडळाच्या खात्यावर टाकाव्यात. दुसरी, हा लेख वाइनवर आहे. (रेक्टर मॅडम, प्लीज, इथेच पान उलटू नका!) महाराष्ट्रात वाइन प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि मी २० ची आहे, हे मला नीट माहीत आहे. जर्मनीत मात्र बिअर आणि वाइनसाठी कायद्याने १६ वर्षं पुरतात. पुढे जे काही ‘प्रयोग’ येतील ते सगळे तिथले, आणि तेही घोट-घोट. हॉस्टेलमध्ये काहीही शिरलेलं नाही.

तर झालं असं. गेल्या उन्हाळ्यात मी इंटर्नशिपसाठी कायझर्सलाउटर्नला होते. हे गाव जर्मनीच्या नैर्ऋत्येला, फाल्ट्स भागात. काम हीट एक्स्चेंजरच्या सिम्युलेशनचं, म्हणजे दिवसभर स्क्रीन. खरी मजा संध्याकाळी, स्टुडंट हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन किचनमध्ये. तिथे एक थाई मुलगा होता, चेंगडूची पीएच.डी. करणारी एक चिनी मुलगी होती, आणि एक जर्मन मुलगा, ज्याच्या आजोबांची मोझेल नदीच्या काठी द्राक्षबाग आहे. द्राक्षबाग म्हटल्यावर आमची दोस्ती व्हायला वेळ लागला नाही, कारण आमचीही निफाडला आहे. काका बघतात.

एका शनिवारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आजीने बांधून दिलेल्या काळ्या मसाल्याचा चिकन रस्सा, भात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जर्मन मुलाने पाहुणा म्हणून रिकाम्या हाताने यायचं नाही, या हिशोबाने स्पेनची लाल वाइन आणली. मटण-चिकनवर लाल, मासळीवर पांढरी, एवढं तर सिनेमे बघून मलाही माहीत होतं. बाटलीवर १४.५ टक्के अल्कोहोल लिहिलेलं. रश्श्याचे दोन घास झाले, वाइनचा एक घोट झाला, आणि टेबलावर एकदम शांतता पसरली. जो रस्सा आजीच्या मानाने अगदी मवाळ केला होता, त्याने तोंडात जाळ झाला होता. चेंगडूची मुलगी, जी लाल मिरच्या चण्यांसारख्या खाते, तिच्याही डोळ्यांत पाणी! मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मसाला जास्त पडला असेल.

मग तो जर्मन मुलगा उठला आणि फ्रिजमधून लांब मानेची एक हिरवी बाटली घेऊन आला. मोझेलची रीसलिंग, वर ‘काबिनेट’ असं लिहिलेलं, अल्कोहोल फक्त ८ टक्के. थंडगार. तोच रस्सा, तोच ठेचा, आणि त्यावर हा घोट. जाळ गेला असं नाही म्हणणार, पण जाळाला आवर बसला. शिवाय मसाल्यातली दगडफुलाची, खोबऱ्याची चव, जी लाल वाइनने पार पुसून टाकली होती, ती परत आली.

दोन बाटल्यांमध्ये एवढा फरक का पडावा, हा प्रश्न डोक्यातून जाईना. सोमवारी सिम्युलेशन बाजूला ठेवून मी हेच वाचत बसले. (गाइडना सांगू नका.)

तिखट ही चव नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी. तिखट हा मात्र चक्क भाजल्याचा संदेश आहे. आपल्या जिभेतल्या वेदनेच्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक रिसेप्टर असतो. त्याचं खरं काम थर्मोस्टॅटचं. साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतो. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं. म्हणजे काही गरम नसतानाही अलार्म वाजतो. हा रिसेप्टर डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधला आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं (आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर विभागून).

आता गंमत पुढे आहे. अल्कोहोलसुद्धा याच थर्मोस्टॅटशी खेळतं. ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये २००२ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की इथेनॉल असताना या रिसेप्टरची उघडण्याची पातळी ४२ अंशांवरून सुमारे ३४ अंशांवर येते. ३४! आपल्या तोंडाचं तापमानच ३६-३७ च्या घरात असतं. म्हणजे थर्मोस्टॅटचा सेट पॉइंट खोलीच्या तापमानाच्या खाली आणून ठेवल्यासारखं झालं, अलार्म वाजणारच. जखमेवर स्पिरिट लावलं की चरचरतं, त्यामागेही हेच कारण. हे प्रयोग पेशींवरचे होते, जेवणाच्या ताटावरचे नव्हेत, हे खरं. पण १४.५ टक्क्यांच्या वाइनने ठेच्यात तेल का ओतलं, ते मला कळलं. माझ्या मसाल्याचा दोष नव्हता!

लाल वाइनचा दुसरा गुन्हा म्हणजे टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारं हे टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला धरतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. कच्चं केळं किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसं आवळतं, तसं. आधीच भाजलेल्या जिभेवर हे म्हणजे सॅंडपेपर. पांढरी वाइन करताना रस आधीच सालीवेगळा काढतात, त्यामुळे तिच्यात टॅनिन जवळपास नसतंच.

आणि काबिनेटमध्ये काय होतं? थोडी साखर, भरपूर आंबटपणा आणि थंडपणा. साखर तिखटाची आग कमी करते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. ठेचा लागल्यावर आजी गुळाचा खडा हातावर ठेवते. थंडपणाचं कारण वर आलंच, थर्मोस्टॅटला थंड केलं की तो गप्प बसतो. आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटतं आणि तेलाचा थर धुऊन निघतो. उलट पाणी प्यायल्याने काही होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, नुसतं तोंडभर पसरतं. (मेसमध्ये मिसळीच्या दिवशी जगामागून जग पाणी रिचवणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ताक मागा, ताक!)

इथे कोणी म्हणेल, गोडच हवं तर कोला का नको? कोलात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते, काबिनेटमध्ये साधारण त्याच्या निम्मी किंवा कमी. वर कोलाचे बुडबुडे. कार्बन डायऑक्साइडची चुणचुण हीसुद्धा एक प्रकारची जळजळच आहे. रीसलिंगचा आंबटपणा इतका असतो की ती साखर साखर म्हणून कळतच नाही, नुसता तोल कळतो. कैरीच्या लोणच्यात गूळ कुठे कळतो?

आता इंजिनियरिंगच्या वाचकांसाठी खरा माल. बाटली न उघडता आतली वाइन गोड आहे की नाही, हे कसं ओळखायचं? उत्तर साध्या मास बॅलन्समध्ये आहे.

पण आधी जर्मन लोकांची एक खोड समजून घ्यावी लागेल. बाटलीवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे असे शब्द असतात. हे आजच्या वापरात १९७१ च्या वाइन कायद्याने पक्के झाले. मला वाटलं होतं की हा गोडीचा चढता क्रम. तसं नाही! हा क्रम आहे काढणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती याचा. ती मोजतात ‘ओक्सले’ या एककात. फर्डिनांड ओक्सले हे फोर्ट्सहाइमचे एकोणिसाव्या शतकातले सोनारकामातले आणि यंत्रातले कारागीर, त्यांच्या हायड्रोमीटरवरून हे नाव पडलं. व्याख्या इतकी सोपी, की फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला द्यावी. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश ओक्सले. रसाचं वजन १०८० ग्रॅम, तर ८० ओक्सले. काबिनेटसाठी किमान अट भागानुसार आणि द्राक्षानुसार ६७ ते ८२. काका निफाडला रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मण्याचा रस पिळून ‘साखर भरली का’ ते बघतात, ते ब्रिक्समध्ये. ८० ओक्सले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. काकांच्या एक्स्पोर्टच्या मालापासून काही फार लांब नाही.

आता गणित. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर गेली की अल्कोहोल १ टक्का वाढतं. ८० ओक्सलेच्या रसातली सगळी साखर आंबली तर सुमारे १०.६ टक्के अल्कोहोल होईल. बाटलीवर लिहिलंय ८ टक्के. मग उरलेल्या २.६ टक्क्यांची साखर गेली कुठे? कुठेच नाही, ती बाटलीतच आहे. २.६ गुणिले १७, म्हणजे लिटरला ४४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाइन करणाऱ्याने मध्येच थंड करून आणि गाळून यीस्टला थांबवलं. एकाच चालीत दोन कामं झाली, साखर राहिली आणि अल्कोहोल कमी राहिलं. तिखट जेवणाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात.

म्हणून नियम असा की जर्मन पांढऱ्या बाटलीवरचा टक्क्याचा आकडा बघायचा. ७.५ ते ९ असेल तर गोडसर. १२ किंवा वर असेल तर बहुतेक कोरडी. त्यात ‘ट्रोकेन’ हा शब्द दिसला तर प्रश्नच मिटला, ट्रोकेन म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकेन’ १८ पर्यंत. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही, तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी मी मोठ्या तोऱ्यात थाई जेवणासाठी श्पेटलेझे घेऊन गेले. श्पेटलेझे म्हणजे काबिनेटच्या वरची, तर अजून गोड असणार, नाही का? खाली बारीक अक्षरात ‘ट्रोकेन’ आणि १३ टक्के. सोम तामवर ती वाइन म्हणजे लिंबाच्या बिया चावल्यासारखी. थाई मुलगा सभ्य होता, त्याने ग्लास गुपचूप पाण्याच्या जगाजवळ सरकवला.

त्या फजितीतून एक गोष्ट मात्र कळली. सोम ताम ही कच्च्या पपईची कोशिंबीर. तिच्यात लिंबू, ताडगूळ, फिश सॉस आणि कुटलेल्या मिरच्या, सगळं एकदम. जेवण स्वतःच आंबट-गोड असेल तर वाइन निदान तितकी तरी आंबट आणि गोड हवी, नाहीतर जेवण वाइनला खाऊन टाकतं. बहुतेक युरोपियन वाइन इथेच हरतात, कारण त्या ज्या जेवणाशेजारी वाढल्या, त्यात साखर जेवणात नसते, ती शेवटी पुडिंगमध्ये येते. आपल्याकडे आमटीत गूळ. थायलंडमध्ये करीत ताडगूळ. मग खरी गोड श्पेटलेझे, ८ टक्क्यांची, मिळाली तेव्हा थाई ग्रीन करीबरोबर ती अशी जुळली की बाटली कधी संपली कळलं नाही. (पाच जणांत! हिशोब करा.)

सिचुआनची गोष्ट वेगळी. चेंगडूच्या मुलीने मापो तोफू केला. त्यात मिरचीबरोबर ‘ह्वाज्याओ’ असतो, सिचुआन मिरी. तो तिखट नसतो, तो जीभ बधिर करतो आणि थरथरवतो. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठांवर ही मिरी लावून ती थरथर बोटाला दिलेल्या कंपनाशी ताडून पाहिली, तर ती साधारण ५० हर्ट्झ निघाली. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आपल्या मेन्सची फ्रीक्वेन्सी! पहिला घास घेतल्यावर मी म्हटलं, अरे, हे तर तिरफळ! कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात ते. आणि खरंच, तिरफळ आणि ह्वाज्याओ एकाच वंशाची झाडं आहेत, झँथोझायलम. त्या बधिर जिभेला वाइनमधले बारीकसारीक वास काही कळत नाहीत, पण गोड आणि आंबट कळतं. त्यामुळे इथे महागडी बाटली फोडणं म्हणजे पैसे वाया, साधी काबिनेट बास. हे माझं मत.

आता एक नाव, जे प्रत्येक मेनू कार्डावर तिखट जेवणापुढे लिहिलेलं असतं, गेव्युर्त्सट्रामिनर. ‘गेव्युर्त्स’ म्हणजे मसाला, मग मसालेदार जेवणाला मसाल्याची वाइन, असा हा जोड्या लावा छाप विचार. तिला लिचीचा आणि गुलाबाचा वास असतो, तो आल्याबरोबर आणि दालचिनीबरोबर छान लागतो. पण हिच्यात आंबटपणा कमी आणि अल्कोहोल बरेचदा १३-१४ टक्के. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांवर नापास. बिर्याणीवर ठीक, ठेच्यावर नको. त्यापेक्षा शॉयरेबे शोधा. १९१६ साली गेऑर्ग शॉय यांनी आल्त्साय इथे केलेला हा संकर, वास पपनसाच्या जातीचा, आंबटपणा शाबूत. आणि लालच हवी असा हट्ट असेल तर श्पेटबुर्गुंडर, टॅनिन कमी, थोडी थंड करून.

जुलैत एका रविवारी आम्ही मोझेलला गेलो, ट्रिअरहून नदीच्या काठाकाठाने. निफाडच्या सपाट मांडवांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ती बाग भिंतीवर टांगल्यासारखी दिसली. पायाखाली काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे, ज्यावर पूर्वी शाळेत मुलं लिहायची तो दगड. दिवसा तो तापतो, रात्री वेलींना ऊब देतो. ब्रेमजवळच्या काल्मोंटचा उतार तर ६० अंशांच्याही वर जातो. अक्षांश ५० च्या आसपास, म्हणजे द्राक्षाच्या दृष्टीने उत्तरेची हद्द. उन्हाळा थंड, म्हणून साखर सावकाश भरते आणि आंबटपणा जळून जात नाही. नाशिकला वाइनची द्राक्षं हिवाळ्यात काढावी लागतात तीही यासाठीच, उष्णतेत मण्यातलं मॅलिक ॲसिड वेल स्वतःच संपवून टाकते.

पण हे चित्र बदलतंय. त्या मुलाचे आजोबा म्हणाले (नातू भाषांतर करत होता), आमच्या तरुणपणी साखर भरेल का ही काळजी, आता जास्त भरेल ही काळजी. साखर वाढली की अल्कोहोल वाढतं, आणि ती ८ टक्क्यांची हलकी काबिनेट जमणं अवघड होतं. ‘आइसवाइन’ नावाचा प्रकार असतो, त्यासाठी द्राक्षं उणे ७ अंशांत वेलीवरच गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात ती थंडीच पडली नाही आणि जर्मनीत आइसवाइन झालीच नाही म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे जर्मन लोक स्वतः आता जास्त करून ट्रोकेनच पितात. गोड वाइन म्हणजे सत्तरच्या दशकातली स्वस्त, एक्स्पोर्टची, म्हाताऱ्या आत्यांची, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. आजोबांनी मला विचारलं, तुमच्या देशात अशी वाइन चालेल का?

मी काहीच बोलले नाही. कारण घरी वाइन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. तो त्यापायीच गेला, चाळिशीच्या आत. मध्ये एका वाइन कंपनीने काकांना कराराची द्राक्षं लावायला विचारलं होतं. दर बरा होता. आजी म्हणाली, ‘माझ्या बांधावर ती वेल नको.’ विषय संपला. आईला मी फोनवर शनिवारच्या जेवणाबद्दल सांगितलं तेव्हा ती पण आधी गप्प झाली, मग म्हणाली, ‘अगं, आजीला नको सांगू.’ मी आजीशी खोटं कधी बोललेली नाही. त्यामुळे परतीच्या आधीचे पंधरा दिवस मला सिम्युलेशनपेक्षा याचंच टेन्शन.

सुटका पण केमिस्ट्रीनेच केली. जर्मनीत वाइनमधलं अल्कोहोल काढून टाकायची पद्धत जुनी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. ऱ्हाइनकाठच्या र्‍युडेसहाइममध्ये तिची सुरुवात झाली. व्हॅक्यूम डिस्टिलेशन! दाब कमी केला की अल्कोहोल तिशीच्या आसपासच्या तापमानालाच उडतं, रस शिजत नाही. मागे राहते ती साखर आणि आंबटपणा. वास थोडा जातो, अंग पातळ होतं, वाइनचे जाणकार नाक मुरडतात. पण तिखटाच्या बाजूने विचार केला तर आपल्या समीकरणातली फक्त नको असलेली टर्म शून्य झाली. ‘अल्कोहोल-विरहित’ लेबलवर अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, म्हणून मी शोधून ०.० छापलेली रीसलिंग घेतली आणि कपड्यांत गुंडाळून आणली.

निफाडला गेल्यावर आजीला सगळं सांगितलं. लाल वाइन, काबिनेट, सोम ताम, किती घोट, सगळं. ती चुलीसमोर भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. शेवटी बाटली पुढे ठेवली आणि म्हटलं, यात ‘ते’ नाही, यंत्राने काढलंय. काकांनी लेबल फिरवून फिरवून वाचलं आणि विचारलं, ‘ब्रिक्स किती असेल गं?’ आजीने आधी भाकरीवर ठेचा घेतला, एक घास खाल्ला, मग फुलपात्रातून घोटभर प्यायली. बराच वेळ तोंडात घोळवलं.

‘हे तर पन्हंच की,’ ती म्हणाली. ‘वेलदोडा घालायला विसरलेत.’